जिभेखालची गोळी

गौरांगची गोळी गिळायची नव्हती. सेंटरमधली सिस्टर तिची पूड करायची, कागदाच्या घडीतून त्याच्या जिभेखाली सोडायची, आणि मग त्याने भिंतीकडच्या बाकावर दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, आवंढा गिळायचा नाही. गोळी पोटात गेली तर वाया जाते, जिभेखाली विरघळली तरच लागू पडते, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दहा मिनिटांनी सिस्टर जीभ वर करायला लावून बघे, रजिस्टरवर सही घेई आणि सोडून देई. रोजच्या रोज. रविवार नाही, सण नाही. दिवाळीच्या पाडव्यालाही आम्ही गेलो होतो.

मी त्याच्याबरोबर जात असे. सुरुवातीला घरचं माणूस सोबत हवं अशी त्यांची अट होती. पुढे अट राहिली नाही, मी जात राहिले. सकाळची पूजा आटोपायची, आमच्या रांझीहून ई-रिक्षा पकडायची आणि सरकारी दवाखान्याच्या मागच्या त्या पिवळ्या इमारतीत नऊ वाजता हजर व्हायचं.

गौरांग माझा एकुलता एक. फॅक्टरीत ठेकेदाराकडे होता तेव्हा खांद्यावर लोखंडी पट्टी पडली. दुखणं थांबेना म्हणून बरोबरच्या कुणीतरी इंजेक्शन सुचवलं. खांदा बरा झाला, इंजेक्शन राहिलं. पाच वर्षं राहिलं. तेवढ्यात त्याचे वडील गेले, काम गेलं, माझी सून विनता लहानग्या स्वानंदीला घेऊन दोनदा नागपूरला माहेरी जाऊन आली. एक दिवस न्हाणीघराचं दार तोडून त्याला बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी ग्वारीघाटला गेले, ओंजळीत नर्मदेचं पाणी घेतलं आणि संकल्प सोडला, की माझ्या मुलाची नशा पूर्ण सुटेपर्यंत मी एकच वेळ जेवीन, आणि तेही अळणी.

त्यानंतर दीड वर्षाने कुठे हे नशामुक्तीचं सेंटर कळलं. गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात पोरगा माणसात आला. भेडाघाटला संगमरवराच्या मूर्ती करणाऱ्यांकडे पॉलिशचं काम मिळालं. सेंटरमधून निघाला की थेट तिकडची बस. संध्याकाळी केसांत पांढरी भुकटी घेऊन यायचा आणि स्वानंदीला म्हणायचा, "बघ, तुझा बाबा म्हातारा झाला." विनताने कपाटाला कुलूप लावणं सोडलं. हे सगळं मला दिसत होतं. पण बरा झाला म्हणावं, तर सकाळी नऊच्या ठोक्याला त्याला तिथे जावंच लागायचं, आणि एखाद्या दिवशी ई-रिक्षा उशिरा मिळाली तर मानेवर घाम यायचा. म्हणून माझं व्रत चालूच राहिलं.

सेंटरमध्ये बायकांसाठी एक वेगळा बाक होता. त्यावर भीमाबाई असायच्या. त्यांचा मुलगा अश्वजीतही तीच गोळी घ्यायचा, तीन वर्षं झाली होती. भीमाबाई रेल्वेत सफाईचं काम करून रिटायर झालेल्या, बोलायला मोकळ्या.

"तुमी काहून येता जी रोज?" त्यांनी एकदा विचारलं. "पोट्टा पळून जाईन म्हणता का?"

"सवय झाली," मी म्हटलं. "आणि तुम्ही?"

"मी? मी त कूलरसाठी येतो."

तेव्हा जेठाचं ऊन तापलं होतं. पण थंडीतही त्या यायच्या. अश्वजीत कधी सोडणार, असं मी एकदा हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "काहून सोडते? सामने बसला हाय ना जिता. मले अजून काय पाह्यजे?"

मला ते पटलं नाही.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात पडले. शुद्ध आली तेव्हा दवाखान्यात होते आणि हाताला सलाईन होतं. डॉक्टरांनी विनताला माझी बीपीची गोळी विचारली, जेवण विचारलं, आणि मग माझ्यावरच रागावले. "माताजी, शरीर में सोडियम है ही नहीं. नमक खाइए. ये कोई मज़ाक नहीं है." मी मान डोलावली. गौरांग खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला माहीत होतं, मी खाणार नाही.

घरी आल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, झालं ना आता. अकरा महिने झाले. मी काही घेऊन राहिलो का?"

"गोळी घेतोस ना, बाळा."

"ते औषध आहे."

"मग एक दिवस न घेता राहून दाखव."

तो बराच वेळ नखातली भुकटी काढत बसला. मग म्हणाला, "आई, तुला वाटते मला ती घेतली की मजा येते. मला काहीच होत नाही. सच्ची. ती घेतली की मला काहीच होत नाही, आणि मला तेच पाहिजे. सकाळी उठलं की काम दिसते, बस दिसते, बस."

आतून विनता म्हणाली, "आई, खाऊन घ्या ना दोन घास मिठाचे. नर्मदामाई काय तराजू घेऊन बसली आहे का?"

संकल्प हातात पाणी घेऊन सोडलेला असतो, तो असा मधेच टाकता येत नाही, एवढंच मी म्हटलं. आवाज मी कधी चढवत नाही. घरातल्यांना त्याचाच जास्त त्रास होतो, असं विनता म्हणते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सेंटरमध्ये मोना नावाची नवीन मुलगी दिसली. समुपदेशक म्हणून आली होती. हातात फॉर्मचा गठ्ठा. भोपाळहून आले होते म्हणे, रुग्ण आपल्या औषधावर किती समाधानी आहेत ते भरून पाठवायचं होतं, आणि बारापर्यंत सगळे संपवायचे होते. ती एकेकाला गाठत होती. आमच्याकडे आली तेव्हा गौरांगच्या जिभेखाली पूड पडून दोन-तीन मिनिटं झाली होती.

"भैया, नाम गौरांग ना?" तिने विचारलं. त्याने मान हलवली आणि बोटाने ओठ दाखवले.

"अच्छा, अच्छा, अभी बोल नहीं सकते." ती माझ्याकडे वळली. "आंटीजी, तुम्ही आई ना? मला मराठी समजते, बोलता थोडी कमी येते. तुमच्याशीच भरून घेऊ का? रोज तुम्हीच तर येता."

मी हो म्हटलं.

"दवाई से कितने संतुष्ट हैं? बहुत, थोड़े, या नहीं?"

गौरांगने हात वर केला. पाची बोटं उघडी. मोनाला वाटलं तो थांबायला सांगतो आहे, ती म्हणाली, "बस दो मिनट, भैया."

"समाधान कसलं ग, पोरी," मी म्हटलं. "एक सुटली, दुसरी लागली. तो यातून पूर्ण बाहेर यावा एवढीच माझी इच्छा आहे."

तिने फॉर्मवर खूण केली. मग विचारलं, दुसरंही औषध असतं ते तुम्हाला कुणी सांगितलंय का. कुणीच सांगितलं नव्हतं. ती बिचारी नीट समजावून सांगू लागली. एक गोळी आहे, त्यात नशा अजिबात नसते, तिची सवय लागत नाही, ती चालू असताना कुणी इंजेक्शन घेतलं तरी चढत नाही. घरी नेऊन पाण्याबरोबर घ्यायची. "पण आंटीजी, ती सगळ्यांना जमत नाही. ही वाली बंद करून आठ-दहा दिवस बिलकुल काही न घेता राहावं लागतं, आणि ती मनाची तलफ..."

मी अर्धंच ऐकलं. नशा अजिबात नसते, एवढं माझ्या कानात राहिलं. नर्मदा जयंतीला दोन महिने होते; व्रताचं उद्यापन त्याच दिवशी करता आलं असतं.

"बदलना चाहेंगे?"

"हो," मी म्हटलं. "लिही, हो."

गौरांग उठून उभा राहिला होता. गाल फुगलेले, ओठ घट्ट, डोळे माझ्यावर. त्याने नकारार्थी मान हलवली. सिस्टर तिकडून ओरडली, "बैठो, बैठो! गिर जाएगी!" तो बसला.

"अवो बाई," भीमाबाई म्हणाल्या, "तोंड त्याचं हाय, जवाब तुमी काहून देऊन राहिल्या?"

मी हसून त्यांच्याकडे पाहिलं. घरच्या माणसाला कळतं, असं काहीसं म्हटलं असावं.

पुढे अनेकदा मी ते मनात आणलं आहे. तो बोलू शकला असता. पूड गिळून टाकायची आणि बोलायचं. पण मग त्या दिवसाचा डोस वाया गेला असता, दुसरा मिळाला नसता. अकरा महिन्यांत त्याने एकही डोस वाया घालवला नव्हता. तो गप्प बसला, आणि दहा मिनिटं भरेपर्यंत मोना चार माणसं पुढे गेली होती.

फाटकाशी तो मला म्हणाला, "आई, मी सांगणार होतो, बहुत संतुष्ट."

"मग जा ना, सांगून ये."

तो परत वळला. दोन पावलं गेलाही. मग थांबला आणि माझ्या हाताकडे पाहत राहिला. सलाईनच्या सुईची निळी खूण अजून गेली नव्हती.

"ते बदललं," त्याने विचारलं, "तर नर्मदा जयंतीला तू उद्यापन करशील? जेवशील नीट?"

"जेवीन."

"मग राहू दे," म्हणाला आणि बसकडे चालू लागला.

त्या फॉर्मवरून सेंटरच्या डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. मीही गेले. तरुण डॉक्टर होते. त्यांनी गौरांगलाच विचारलं, "ये आपका फैसला है कि माताजी का?"

"मेरा," गौरांग म्हणाला.

डॉक्टर त्याच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, गोळी तुला चांगली लागू पडली आहे, मी तर बदलली नसती. पण तू म्हणतोस तर हळूहळू उतरवू. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. दुसरी गोळी मधेच सोडली आणि पुन्हा इंजेक्शन घेतलं, तर शरीराला जुनी सवय राहिलेली नसते. जुना डोस जीव घेतो. काहीही वाटलं तर परत या, इथे कुणी रागावणार नाही.

पाच आठवडे डोस कमी होत गेला. मग पौषातले ते दहा दिवस. त्यांच्याबद्दल फार लिहिता येत नाही. ऐन थंडीत त्याची चादर घामाने ओली व्हायची. नाक वाहायचं, पाय आपोआप झटकायचे. स्वानंदी दारातून बघायची आणि विनता तिला ओढून न्यायची. "आई, पाय दाब," तो म्हणायचा. मी दाबत बसायची आणि नर्मदाष्टक म्हणायची. एकदा म्हणाला, "थांब ना आई, जरा थांब. आवाज सहन नाही होत." मी मनातल्या मनात म्हणू लागले.

अकराव्या दिवशी दुसरी गोळी सुरू झाली. सेंटरला रोज जायचं संपलं. पूजेनंतर मी ती त्याच्या तळहातावर ठेवायची आणि पेलाभर पाणी द्यायची. तो मान मागे टाकून पेला रिकामा करायचा.

"कसं वाटतं रे आता?" मी विचारायची.

"ठीक."

एकदाच मोकळेपणी बोलला. गच्चीवर उन्हात बसला होता. "आता काही घेतलं तरी चढणार नाही म्हणते डॉक्टर. पण दिवसभर डोक्यात तेच चालून राहिलं आहे, आई. आधी डोक्यात नव्हतं. आधी मी विसरलो होतो."

"नामस्मरण कर," मी म्हटलं. "मन रमेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाला.

नर्मदा जयंतीला ग्वारीघाटावर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही पहाटे जाऊन आलो. घरी पाच सवाष्णी, एक ब्राह्मण, शेजारपाजार. मी अडीच वर्षांनी वरणात मीठ घातलं, आणि नैवेद्याआधी चव बघता येईना. शेजारच्या शकुताई सगळ्यांना सांगत होत्या, "अनसूयाताईंनी सोडवलं हो पोराला. गोळीसुद्धा सुटली. व्रताचं फळ आहे." मी नको नको म्हणत होते, पण ऐकायला बरं वाटत होतं, हे कबूल करते.

भीमाबाईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्या अश्वजीतला घेऊन आल्या, गौरांगसाठी शर्टाचं कापड आणलं. जेवताना त्या त्याच्याकडे बघत होत्या. हात धुताना मला म्हणाल्या, "पोट्टा वाळला जी तुमचा."

"काम जास्त आहे."

"हो का," त्या म्हणाल्या. "आमचा अश्वजीत म्हणते, गौरांगभैया हसत नाही आता."

त्या दिवशी गौरांगने मला पहिला घास भरवला. "खा," म्हणाला. "आता झालं ना?" मी खाल्ला. वरण खारट झालं होतं.

पुढे महिना गेला. भेडाघाटला त्याच्या हातून एका मूर्तीचा कोपरा उडाला, मालक रागावला. रात्री झोप नाही म्हणायचा. मला वाटायचं, दिवस जातील तसं होईल ठीक. विनता एकदा म्हणाली, "आई, ह्यांना परत डॉक्टरकडे घेऊन जाऊ या का?" मी म्हटलं, "उद्यापन झालंय ग, आता मागे नको." असं मी म्हटलं होतं. विनताने नंतर ते मला पुन्हा ऐकवलं नाही, पण मला आठवतं.

होळीला पाच-सहा दिवस होते. विनता न्हाणीघराची खिडकी पुसत होती. फळीमागे एक काडेपेटी सापडली. तिच्यात गोळ्या होत्या. कडा विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, पंधराच्या वर असतील. ती पेटी घेऊन विनता माझ्यासमोर उभी राहिली. अकरा महिने जिभेखाली औषध धरून बसायला शिकलेला माणूस. माझ्यादेखत पेलाभर पाणी पिऊन गोळी तोंडात ठेवणं त्याला काय अवघड होतं. निदान गेले तीन आठवडे मी रोज त्याच्या तळहातावर गोळी ठेवत होते, आणि रोज ती पेटीत जात होती.

विनताने त्याला फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा मालकानेच उचलला. दुपारचे साडेबारा झाले होते. दगडाच्या ढिगाऱ्यामागे पडलेला सापडला होता, ओठ काळेनिळे. ते त्याला गाडीत घालून निघाले होते.

दवाखान्यात एक इंजेक्शन असतं, ते दिलं की थांबलेला श्वास परत सुरू होतो. ते मिळायला आणखी पाच मिनिटं लागली असती तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. तेवढाच डोस घेतला होता त्याने, जेवढा पूर्वी रोज घ्यायचा. बिलकुल तेवढाच.

तिसऱ्या दिवशी तो उशीला टेकून बसला. विनता फळं आणायला गेली होती. मी स्टुलावर होते. दोन दिवसांत तो माझ्याशी बोलला नव्हता.

"आई, एकादशीला तू बीपीची गोळी घेते का?"

"घेते."

"मग उपास मोडते?"

"नाही," मी म्हटलं. "औषधाने उपास मोडत नाही."

हे मला सासूबाईंनी शिकवलं होतं. मी कितीजणींना सांगितलं होतं. वटपौर्णिमेला, हरतालिकेला, निर्जळीच्या दिवशीसुद्धा, गोळी घे ग बाई, औषधाने उपास मोडत नाही. अडीच वर्षं अळणी व्रत करताना मी रोज सकाळी पूजेआधी ती पांढरी गोळी घेत होते, आणि एकदाही मला...

गौरांगने तोंड भिंतीकडे केलं. "तेच म्हटलं," तो म्हणाला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण मला कळलं की हात काढून घ्यावा.

सुट्टी मिळाल्यावर तो स्वतःच सेंटरला गेला. मी मागोमाग गेले. मोना दारात आली. तिचे डोळे लाल होते. "आंटीजी, तुम्ही बाहेर बसा. आज ते एकटेच बोलतील." मी बाहेरच्या पायरीवर बसले. आत तो काय बोलला ते मला आजही माहीत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर आला. जुनीच गोळी पुन्हा सुरू झाली होती.

"कधीपर्यंत घ्यायची आहे?" मी विचारलं आणि लगेच वाटलं, विचारायला नको होतं.

"जेव्हापर्यंत मला घ्यायची आहे," तो म्हणाला.

विनता स्वानंदीला घेऊन नागपूरला गेली. परत येईन म्हणाली, पण या घरात नाही. माझ्या पाया पडून गेली. ती रागाने गेली असती तर मला सोपं गेलं असतं. चैत्रात गौरांगने ओमतीकडे, सेंटरपासून चालत दहा मिनिटांवर एक खोली घेतली. मी त्याचे कपडे भरले, पोळपाट-लाटणं दिलं, मसाल्याचा डबा दिला. दारात तो थांबला.

"आई, तू सेंटरला येत नको जाऊ."

"लांबून बसेन रे. बोलणार नाही काही."

"तिथं माझं तोंड बंद असते ना," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला, समजावून सांगितल्यासारखं. "तू समोर असली की मला भीती वाटते."

मी बरं म्हटलं.

ती गोष्ट मी पाळली आहे. पण पहिल्याच आठवड्यात माझा जीव राहीना, म्हणून भीमाबाईंना फोन केला. त्या तर रोज जातात.

"आला होता का हो?"

त्या म्हणाल्या, "तुमच्या पोट्ट्यानं मले शपथ घातली हाय जी. म्हणते, आईले माझं काही सांगायचं नाही, आला नाही अन् गेला नाही. शपथ मी मोडत नाही."

"नका मोडू," मी म्हटलं.

"आता आयका. तुमी फोन करत जा, साडेनऊले. तो सामने बसला असन त मी उचलन. नसन त उचलणार नाही. त्याच्याबद्दल इचारायचं नाही, मी बोलणार नाही. भाजीपाल्याचं बोलू. समजलं का?"

समजलं. त्या दिवसापासून साडेनऊला मी फोन लावते. घंटी दोनदा वाजते, त्या उचलतात आणि म्हणतात, आज कारली घेतली. किंवा, टमाटे सडके निघाले जी. मी विचारते, कारल्यात गूळ घालता का? त्या म्हणतात, छ्या, कारल्यात कोणी गूळ घालते का, तुमी बामनं काहीबी करता. मी हसते. मग फोन ठेवतो. त्यानंतर मला दिवसभराची कामं सुचतात.

गेल्या सोमवारी घंटी पूर्ण वाजून थांबली. मी पुन्हा लावला. पुन्हा. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. गौरांगचा नंबर माझ्याकडे आहे, पण त्यालाही मी फोन करायचा नाही असं ठरलेलं आहे. सेंटरचा रस्ता मला डोळे मिटूनही सापडेल. बुधवारी मी चप्पल घालून ई-रिक्षापर्यंत गेले. रिक्षावाला ओळखीचा, म्हणाला, "बैठिए अम्मा, बहुत दिन बाद." मी नको म्हटलं आणि परत आले. घरी येऊन देवासमोर बसले, पण काही मागता आलं नाही. नवीन काही बोलायचं आता धाडस होत नाही.

आज गुरुवार. साडेनऊला फोन लावला. दोन घंट्यांतच उचलला गेला.

"ताप होता जी," भीमाबाईंचा आवाज बसला होता. "तीन दिवस घरीच पडून होतो. फोनचा आवाज अश्वजीतनं बंद करून ठेवला होता, झोपू द्या म्हणते आईले. मी त गेलोच नाही तिकडं. मले का माहीत..." त्या थांबल्या. खोकल्या.

म्हणजे ते तीन दिवस तो आला की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"आणि आज?" माझ्या तोंडून गेलं. विचारायचं नव्हतं, तरी गेलं.

पलीकडे माणसांचा आवाज येत होता, खुर्ची ओढल्याचा, सिस्टरचा. मी फोन कानाशी दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"आज गवार घेतली जी," त्या म्हणाल्या. "कवळी हाय."

"हो का," मी म्हटलं. "कशी करणार?"